रात्रीचं रक्त, दुपारची लघवी

बेगमपेठ, २० ऑगस्ट १८९७. खोलीत वारा म्हणून नाही. पंखा ओढायला बंदी आहे, कारण जरा हवा हलली की टेबलावर चिरून ठेवलेले डास उडून जातात. लष्करी सेवेतला एक डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलाय. कपाळावरचा घाम गळून गळून यंत्राचे स्क्रू गंजले आहेत. रोनाल्ड रॉस त्याचं नाव. तुम्ही त्याच्या खांद्यामागं उभे राहा आणि श्वास जपून घ्या.

चार दिवसांपूर्वी हुसेन खान नावाच्या तापकरी रुग्णानं हे डास स्वतःला चावून घेतले. डासामागं एक आणा मिळाला त्याला. आता त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला गोल पेशी दिसताहेत आणि त्यांत काळे कण. हिवतापाचा जंतू डासात वाढतो, याचा हा पहिला पुरावा. पाच वर्षांनी यावर नोबेल मिळेल आणि पुढं या इमारतीला रॉसचं नाव लागेल.

तुम्हाला शेवटी पोचायचंय कुकटपल्लीला. ते इथून वायव्येला तीनेक कोस, पण वाटेत सव्वाशे वर्षं आहेत. इथं हैदराबादच्या सहाव्या निजामाचा अंमल आहे. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद सगळं याच राज्यात. रॉसचा जंतू आपला नव्हे. आपल्याला शोधायचेत ते जननमार्गातले परजीवी, ज्यांच्यावर घरात कुणी बोलत नाही आणि दवाखान्यातही आवाज खाली घेऊनच बोललं जातं. तरी सुरुवात इथूनच करायला हवी, कारण रॉसला डासांच्या मागं लावलं ते पॅट्रिक मॅन्सनने. याच मॅन्सनने चीनमधल्या अमॉयला, १८७० च्या दशकात, हत्तीरोगाचे अंडकोष पाहिले, कापले, आणि त्या रोगाच्या कृमीची पिल्लं डासाच्या पोटात वाढताना दाखवली. रक्त तपासता तपासता त्याला आणखी एक गोष्ट कळली. तेच रक्त, तोच माणूस. दिवसा बघावं तर काही नाही, रात्री बघावं तर पिल्लं वळवळताहेत.

म्हणून पुढचा मुक्काम रात्रीचा. वर्ध्याच्या बाजूचं एक खेडं, १९५० च्या दशकाची अखेर. केंद्र सरकारनं १९५५ साली फायलेरिया, म्हणजे हत्तीरोग, नियंत्रण कार्यक्रम सुरू केलाय आणि रात्री साडेनऊला गॅसबत्ती घेऊन पथक गावात आलंय. दिवसभर राबून आडवी झालेली माणसं उठवायची, बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब पसरायचा. कुत्री भुंकताहेत. एक म्हातारा बोट मागं घेतो.

"रात्रीच काऊन रगत पाह्यजे जी? दिवसा काऊन नाही?"

पथकातला माणूस त्याच्या शेजारी उकिडवा बसतो. "बाबाजी, हे किडे दिवसा फुप्फुसात दडून राह्यते. रात्री डास चावाच्या टायमाले वर येते. त्याइले डासाच्या पोटात जायचं असते नं."

एवढ्या साध्या शब्दांत सांगितलेलं मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा मोलाचं वाटतं. आपल्याकडं हत्तीरोग पसरवतो तो क्युलेक्स डास, आणि तो चावतो रात्री. लाखो वर्षांत कृमीनं आपली वेळ डासाच्या वेळेशी जुळवून घेतली आहे. रात्री दहा ते दोन ही त्यांच्या गर्दीची वेळ. दुपारी बारा वाजता निवांतपणे घेतलेलं रक्त स्वच्छ निघालं, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

बोट टोचून झाल्यावर म्हातारा जागचा हलत नाही. डॉक्टरांकडं बघतो, मग जमिनीकडं. त्याला आणखी काही दाखवायचंय. कुडाच्या आड धोतर सोडलं जातं. अंडकोष नारळाएवढा झालाय. बारा वर्षं तो हे वागवतोय. सायकल सुटली, बैलगाडीवर बसणं सुटलं, लग्नाकार्याला जाणं सुटलं. डॉक्टर बत्ती लांब न्यायला सांगतात आणि टॉर्च मागून टेकवतात. अंधारात ती सूज आतून तांबूस उजळते. प्रकाश आरपार आला म्हणजे आत पाणी आहे. आतडं उतरलं असतं, तर बहुधा तो असा आला नसता. प्रौढ कृमी वृषणाजवळच्या लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात, वाहिन्या फुगतात, निकामी होतात आणि पाणी साचत जातं. फायलेरियाची पिल्लं पहिल्यांदा दिसली तीही रक्तात नव्हे, अशाच पाण्यात. १८६३ साली पॅरिसमध्ये दमार्के या शल्यविशारदानं हवानाहून आलेल्या एका माणसाच्या हायड्रोसीलमधलं पाणी काढलं, त्यात.

त्या म्हाताऱ्याच्या रक्ताच्या थेंबात काही सापडत नाही. सूज जुनी झाली की पुष्कळदा असंच होतं. रक्तातली पिल्लं संपलेली असतात आणि भोग उरलेला असतो. अशा माणसाला केवळ रिपोर्टवर "तुला काही नाही" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

जरा पुढं डोकावून घ्या. १९९४ साली ब्राझीलच्या रेसीफे शहरातल्या संशोधकांनी सोनोग्राफीचा प्रोब अंडकोषावर ठेवला आणि लसीकावाहिनीत जिवंत कृमी अखंड वळवळताना पाहिले. त्या दृश्याला आता 'फायलेरिया डान्स साइन' म्हणतात. त्यानंतर रक्तातला कृमीचा अंश पकडणाऱ्या पट्ट्या आल्या. त्यांना रात्र लागत नाही, भरदुपारीही त्या उत्तर देतात. आणि औषध? डीईसी, म्हणजे हेट्राझान, १९४७ साली अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेतून आलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमावरमला जन्मलेले तेलुगू गृहस्थ. कुकटपल्लीतल्या शाळांमधून त्यांचं नाव मुलांना सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं. जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची एकत्रित मात्रा घरोघर देणं सुरू झालं, त्यातही सुब्बारावांचं हे औषध आहेच. फक्त साचलेलं पाणी गोळीनं जात नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. ती साधी असते. लाजेपोटी लोक ती वीस-वीस वर्षं करून घेत नाहीत.

आता घड्याळ उलटं फिरवा आणि थोडी वर्षंही मागं जा. १९५२, मुंबई राज्य, रत्नागिरी जिल्हा, गुहागरकडचं गिमवी. वेळ भर दुपारची.

नदी उन्हाळ्यात आटली की डोह उरतात. त्या पाण्यात तुम्ही पोटरीभर उभे आहात. बायका धुणं बडवताहेत, पोरं डुंबताहेत. डोहातल्या दगडांना आणि कुजक्या पानांना चिकटून काही मिलिमीटरची, टोपीच्या आकाराची एक गोगलगाय बसली आहे. तिचं नाव फेरिसिया. नुसत्या डोळ्यांना ती जेमतेम दिसते. गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी गिमवीतल्या माणसांच्या लघवीत शिस्टोसोमा हिमॅटोबियम या कृमीची अंडी दाखवून दिली आणि भारतात या रोगाचं ठाणं असल्याचं जगापुढं मांडलं. आफ्रिकेतला आणि इजिप्तचा म्हणून ओळखला जाणारा रोग कोकणातल्या एका खेड्यात! तो फैलावणारी गोगलगाय कोणती, याचा छडाही पुढं याच कामातून लागला.

इथं वेळ दुपारचीच का? या कृमींच्या जोड्या मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहतात आणि त्यांची अंडी लघवीतून सर्वांत जास्त पडतात ती सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. पहाटेची पहिली लघवी बाटलीत भरून आणायची आपल्याला सवय, पण इथं ती फारशी कामाची नाही. नमुना द्यायच्या आधी थोडं चालावं, पायऱ्या चढाव्यात. आणि शेवटचे थेंब टाकू नयेत. एक आई पोराला डोहातून ओढून बाहेर काढते, बाटली हातात देते आणि ओरडते, "अरे, सगळी कर, शेवटपर्यंत कर!" त्या शेवटच्या थेंबांतच तांबडी झाक आहे. गाळ खाली बसू द्या, थेंब काचेवर घ्या. लांबट अंडं दिसेल आणि त्याच्या एका टोकाला बारीक काटा. या काट्यावरूनच जात ओळखायची.

ही अंडी फक्त मूत्राशयात थांबत नाहीत. बायकांच्या गर्भाशयमुखात आणि योनीच्या भिंतीतही ती रुतून बसतात. तिथं वाळूच्या कणांसारखे पिवळसर ठिपके उमटतात, हात लागला की रक्त येतं, मूल राहायला अडचण येते. जगात सुमारे ५ कोटी ६० लाख स्त्रियांना, मुख्यतः आफ्रिकेत, हा त्रास असावा असा अंदाज सांगितला जातो. त्यांच्यातल्या कितीतरी जणींवर आधी संशय घेतला जातो तो चारित्र्याचा, नाहीतर कर्करोगाचा. गुन्हा काय, तर पाण्यात उभं राहून कपडे धुतले. हे वाचल्यापासून नदीवर धुणं धुणारी बाई दिसली की मला त्या पिवळ्या ठिपक्यांची आठवण होते आणि राग येतो. बाईच्या शरीरात जंतू सापडला की आपण जंतूच्या आधी बाईची चौकशी करतो.

आणि चौकशी करतो तीही तिला न तपासता. त्यासाठी गडचिरोलीला चला. १९८० चं दशक, उत्तरार्ध. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. आजारी म्हणून दवाखान्यात आलेल्या बायका निवडल्या नाहीत. गावातल्या सगळ्यांना बोलावलं. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं. आधी कधी कुणी तपासलं होतं? फक्त ८ टक्क्यांना. ट्रायकोमोनास हा परजीवी १४ टक्के स्त्रियांच्या योनीत होता.

तुम्ही त्या रांगेत उभे राहा. पुढची बाई पदर दातात धरून आहे. तिला विचारलं, "काही त्रास?" तर ती मान हलवते, नाही. टेबलावर झोपल्यावर मात्र हळूच म्हणते, "अंगावरून पांढरं जाते बाई, पण ते तं सगळ्याइलेच जाते." त्या अभ्यासात स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्केच होत्या. बाकीच्यांनी दुखणं दुखणं म्हणून मोजलंच नव्हतं. भारतातल्या सार्वजनिक आरोग्याचा मी वाचलेला हा सर्वांत धीट अभ्यास आहे. तोवर सरकारी कागदांवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. त्यापलीकडं तिला शरीर आहे, हे आकड्यांनी सिद्ध करावं लागलं.

आता कुकटपल्ली. आजची सकाळ, अकरा. मेट्रोच्या खांबांखालून रस्ता ओलांडा, केपीएचबी कॉलनीकडं वळा, टिफिन सेंटर आणि मोबाइलच्या दुकानांमधल्या जिन्यानं वर या. स्त्रीरोगतज्ज्ञांचं छोटं क्लिनिक, बाजूच्या खोलीत सूक्ष्मदर्शक. बाकावर नांदेडहून आलेल्या एक मावशी बसल्यात. मुलगी इथं आयटीत आहे, तिच्याकडं राहायला आल्यात. चार महिने पिवळसर-हिरवट जातंय, खाज, लघवीला आग. एका ठिकाणी नमुना देऊन झालाय, रिपोर्ट 'नॉर्मल' आलाय. तो सकाळी घेतला होता, मोटारसायकलवरून लांबच्या लॅबमध्ये गेला आणि संध्याकाळी कुणीतरी पाहिला.

"कब से है अम्मा? शरमाओ नक्को," डॉक्टर म्हणतात. मावशी मुलीकडं बघतात. मुलगी म्हणते, "आई, सांग. मी बाहेर थांबू का?" "नको. थांब इथंच."

तपासणी होते. डॉक्टर पीएचचा कागद टेकवतात, रंग बदलून साडेपाचच्या पुढं जातो. साडेचारपर्यंत असता तर ठीक होतं. कापसाचा स्वॅब, काचपट्टीवर सलाइनचा एक थेंब, त्यात स्वॅब फिरवायचा, कव्हरस्लिप तिरपी टेकवून हवेचा बुडबुडा न येऊ देता सोडायची. टेक्निशियन पट्टी हातात घेऊन अक्षरशः धावते. या जंतूला ना रात्र लागते ना दुपार. त्याला मिनिटं लागतात. तो ओळखू येतो तो मुख्यतः चालीवरून. नमुना पडून राहिला, थंड झाला, की तो गोल होऊन थांबतो, आणि थांबलेला ट्रायकोमोनास पांढऱ्या पेशींच्या गर्दीत वेगळा काढणं जवळजवळ अशक्य. तासाभरातच या तपासणीची पकड २० टक्क्यांपर्यंत घसरू शकते. ताज्या नमुन्यातही ती सगळे रुग्ण पकडत नाही. साधारण निम्म्यांपासून दोन-तृतीयांशांपर्यंतच. जंतूची जनुकं शोधणारी न्यूक्लिक आम्ल तपासणी कितीतरी जास्त खात्रीची, पण ती महाग आहे आणि सगळीकडं नाही.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. पांढऱ्या पेशी निपचित पडल्यात. त्यांच्यामध्ये एक पेशी, त्यांच्याहून किंचित मोठी, एका बाजूला निमुळती, झटके देत पुढं सरकते. थांबते. गिरकी घेते. पुढच्या टोकाला चार शेपट्या फटकारताहेत, कडेला एक पातळ पडदा लाटेसारखा हलतोय. १८३६ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने यानं पाहिलं ते हेच. बहुतेक डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला खेळणं समजत होते, त्या काळात त्यानं स्त्रियांचा स्राव ताजा ताजा काचेखाली धरला. त्यानंतरची ऐंशी वर्षं हा जीव निरुपद्रवी ठरवला गेला. १९१६ साली जर्मनीत होहने यानं त्याचा आजाराशी संबंध मांडला. नेमकं औषध, मेट्रोनिडॅझोल, यायला १९५९ उजाडलं. तोवर व्हिनेगर, चांदीचे क्षार, नाना प्रकारचे धुवे. बायकांनी सगळं सोसलं. २०२० या एका वर्षात जगात याचे १५ कोटी ६० लाख नवे रुग्ण झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गरोदरपणी असला तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो, एचआयव्हीची लागण व्हायलाही वाट सोपी होते.

"है," टेक्निशियन म्हणते. डॉक्टर स्वतः येऊन पाहतात आणि मग मुलीला पाहायला बोलावतात. मावशीही उठतात. त्यांनाही चष्मा काढून डोळा लावू दिला जातो. "हे माझ्यात हाय?" त्या विचारतात. मग बराच वेळ गेल्यावर, "आलं कुठनं हे?"

मुलगी भाषांतर करते. डॉक्टर पेन खाली ठेवतात. हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू आहे, हे त्या लपवत नाहीत. पण तो शरीरात महिनोन्‌महिने, कधी त्याहूनही जास्त काळ काहीही न करता राहतो. पुरुषांत तर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आज जंतू आहे, एवढंच ही काचपट्टी सांगते. तो कधी आला, कुणाकडून आला, हे ओळखणारी कोणतीही तपासणी नाही. "इसलिए घर में झगड़ा नक्को. दवा दोनों को."

चिठ्ठी लिहिली जाते. मावशींना मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. तोंडाला धातूची चव येईल, तरी मध्येच सोडायची नाही. नवऱ्यासाठी एकदाच घ्यायचा २ ग्रॅमचा डोस, नांदेडच्या डॉक्टरांना दाखवायला वेगळं पत्र. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही करून घ्या. खर्च जड जात असेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांवर तपासणी आणि औषध मोफत मिळतं. दोघांचं औषध संपून त्रास थांबेपर्यंत जवळ यायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, कारण हा परत होतो, आणि परत होतो तो बहुतेकदा जोडीदाराचा उपचार राहिल्यामुळं.

जिन्याच्या वळणावर मुलगी वडिलांना फोन लावते. पलीकडचा आवाज तुम्हालाही ऐकू येतो. "मला काय धाड भरलीय? मी कशाला गोळ्या खाऊ?" मुलगी अडखळते. बापाला हे कसं सांगावं, तिला सुचत नाही.

मावशी हात पुढं करतात. "आण इकडं, मी बोलते."

"अहो, ऐका. तो किडा मी आत्ता माझ्या डोळ्यानं बघितलाय. तुमच्यात असला तर तुम्हाला कळायचाबी नाही, तसलाच हाय तो. पत्र पाठवतेय मोबाइलवर, आजच डॉक्टरकडं जायचं. पाच गोळ्या एकदम, जेवण झाल्यावर. खाल्ल्या की मला फोन करायचा. आन्‌ तीन महिन्यांनी मला पुन्हा इकडं दाखवायला यायचंय, त्याचं तिकीट तुम्हीच काढा. दोघांचं काढा."